खात्यांची यादी कोणाच्या हाती

कोणत्याही संस्थेच्या हिशेबाचा पाया म्हणजे तिच्या खात्यांची यादी. पैसा कुठून येतो, कशावर जातो, संस्थेची मालमत्ता काय आणि देणे किती, हे ज्या नावांखाली नोंदवायचे त्या सगळ्या नावांची क्रमवार मांडणी या यादीत असते. लेखापाल तिला ‘चार्ट ऑफ अकाउंट्स’ म्हणतात. सरकारी कचेरीत तिच्यातल्या प्रत्येक नावाला लेखाशीर्ष किंवा नुसते ‘हेड’ म्हणतात. व्यवहार आधी कीर्दीत उतरतो, तिथून खतावणीत जातो, खतावणीतल्या शिलकांवरून तेरीज निघते आणि तेरजेवरून ताळेबंद. सुरुवातीलाच चुकीचे खाते निवडले गेले तर बेरजा तंतोतंत जुळूनही ताळेबंद चुकीचा राहतो.

एकाच दुकानाच्या मालकाला ही यादी कागदावर मांडण्याचीही गरज पडत नाही. तोच खाते उघडतो, तोच लिहितो, तोच बंद करतो. दुसरी शाखा सुरू झाली की प्रश्न उभा राहतो. शाखेतल्या कारकुनाला नवे खाते लागले तर ते त्याने उघडावे, की मुख्य कचेरीची परवानगी घ्यावी? शेकडो शाखांची बँक, शेकडो नगरपालिकांचे राज्य आणि अठ्ठावीस राज्यांचा देश यांच्यापुढे हाच प्रश्न मोठ्या आकारात असतो. बेंगळुरू शहरात तो तीन ठिकाणी एकाच वेळी पाहता येतो: कर्नाटक सरकारच्या खजिन्यात, शहराच्या पालिका कारभारात आणि याच शहरात वाढलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

एका खात्यामागची माहिती

वह्यांच्या काळात खात्याला नाव आणि खतावणीतला पान क्रमांक एवढे पुरत असे. संगणकात प्रत्येक खात्यामागे बरीच माहिती साठवलेली असते. खात्याचा क्रमांक आणि नाव. ते उत्पन्नाचे, खर्चाचे, देण्याचे की मालमत्तेचे. त्याची बेरीज कोणत्या गटात जायची. त्यात हाताने नोंद करता येते की दुसऱ्या वहीतून आपोआप येते. कोणता कर लागू होतो. नोंद करण्याचा अधिकार कोणाचा. खाते कोणत्या तारखेपासून चालू आणि कधी बंद.

या माहितीचे दोन भाग पडतात. क्रमांक, नाव, प्रकार आणि गट हे सर्व शाखांत एकसारखेच असावे लागतात, कारण त्यांच्याच आधारे एकत्र बेरीज होते. चलन, कर आणि नोंदीचे अधिकार मात्र जागेनुसार बदलतात. त्यामुळे यादी पूर्ण केंद्राची किंवा पूर्ण स्थानिक, असा निवाडा प्रत्यक्षात क्वचितच होतो. हद्द कुठे आखायची, एवढेच ठरवायचे असते. सांकेतिक क्रमांकाचे पहिले किती अंक वरून ठरावेत आणि कितव्या अंकापासून खालच्या कचेरीला मोकळीक मिळावी, असा तो हिशेब आहे.

यादी पूर्णपणे मुख्य कचेरीच्या ताब्यात असली की बेरजा सोप्या होतात, दोन शाखांची तुलना करता येते आणि लेखापरीक्षकाला एकच नियम तपासावा लागतो. पण नवे खाते मिळायला अर्ज, टिपणी, मंजुरी अशा पायऱ्या चढाव्या लागतात. बिल तर आज काढायचे असते. मग कारकून ते जवळच्या एखाद्या खात्यात किंवा ‘इतर खर्च’ या सर्वसमावेशक खात्यात टाकून मोकळा होतो. यादी बाहेरून नीटनेटकी दिसते आणि आत ‘इतर’ फुगत जाते.

सर्व अधिकार शाखांकडे दिले तर उलटे घडते. एक शाखा ‘टपाल खर्च’ उघडते, दुसरी ‘कुरिअर’, तिसरी ‘पोस्टेज व कुरिअर’. प्रत्येक शाखेला आपला खर्च बारकाईने कळतो, पण साऱ्या संस्थेचा टपालखर्च किती, याचे उत्तर द्यायला वर्षअखेरीस कोणाला तरी तीन नावे एका ओळीत आणत बसावे लागते. केंद्राच्या अतिरेकात तपशील हरवतो, स्थानिक अतिरेकात बेरीज हरवते.

पंधरा अंकांचा देश

भारत सरकार आणि सर्व राज्य सरकारे यांची खातेसूची वरच्या भागात एकच आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५० नुसार केंद्राचे व राज्यांचे हिशेब कोणत्या नमुन्यात ठेवायचे हे राष्ट्रपती नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, सल्ल्याने ठरवतात. त्या आधारावर मुख्य आणि गौण लेखाशीर्षांची एक यादी दिल्लीत ठेवली जाते. तिची देखभाल अर्थ मंत्रालयातील महालेखानियंत्रकांकडे असते आणि बदल कॅगच्या संमतीने होतात. नवे शीर्ष आले किंवा जुने वगळले की दुरुस्तीपत्रक निघते आणि सगळ्या राज्यांनी आपापल्या प्रतीत ती दुरुस्ती करायची असते.

ही मांडणी १ एप्रिल १९७४ पासून कामाच्या स्वरूपानुसार झाली. त्याआधी खर्च कोणत्या सरकारी विभागाने केला यावर भर होता. नंतर तो कशासाठी केला यावर आला. १९८७ पासून मुख्य शीर्षांना आजचे चार अंकी क्रमांक आहेत. त्यांतला पहिला अंक व्यवहाराचा प्रकार सांगतो. सार्वजनिक आरोग्याचे उदाहरण घेतले तर ०२१० हे त्या विषयातील जमेचे शीर्ष, २२१० हे महसुली खर्चाचे, ४२१० हे भांडवली खर्चाचे आणि ६२१० हे कर्जांचे. शेवटचे तीन अंक तेच राहतात, पहिला बदलतो. रुग्णालयातील परिचारिकेचा पगार २२१० मध्ये पडतो आणि त्याच रुग्णालयाची नवी इमारत ४२१० मध्ये.

पूर्ण संकेतांक सहा पायऱ्यांचा आणि केंद्राच्या नमुन्यात पंधरा अंकांचा असतो. मुख्य शीर्षाचे चार अंक, उपमुख्य शीर्षाचे दोन आणि गौण शीर्षाचे तीन मिळून पहिले नऊ अंक होतात. ते साऱ्या देशाला सारखे आहेत आणि कोणतेही राज्य त्यांत स्वतःहून भर घालू शकत नाही. पुढे उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष आणि उद्दिष्ट शीर्ष यांचे प्रत्येकी दोन अंक येतात. गौण शीर्ष कार्यक्रम सांगते, उपशीर्ष योजना सांगते आणि उद्दिष्ट शीर्ष पैसा नेमका कशावर गेला हे सांगते: वेतन, प्रवास, कार्यालयीन खर्च, सहायक अनुदान. राज्यांचा हात गौण शीर्षाच्या खाली सुरू होतो. नव्या योजनेसाठी उपशीर्ष उघडायचे असेल तर राज्याचा वित्त विभाग ते महालेखापालांशी, म्हणजे कॅगच्या राज्यातील कचेरीशी, विचारविनिमय करून उघडतो. राज्यांचे हिशेब आजही महालेखापालांच्या कचेरीत संकलित होत असल्याने हा विचारविनिमय लागतो. केंद्राच्या मंत्रालयांनी मात्र १९७६ पासून आपले हिशेब स्वतःकडे घेतले आहेत.

या रचनेचा फायदा सीमाभागात सहज दिसतो. बेळगावच्या सरकारी शाळेवरचा खर्च कर्नाटकाच्या आणि कोल्हापूरच्या शाळेवरचा खर्च महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात असतो. भाषा वेगळी, वेतनश्रेणी वेगळी, योजना वेगळ्या. तरी दोन्हीकडे मुख्य शीर्ष २२०२, सर्वसाधारण शिक्षण, हेच आहे आणि प्राथमिक शिक्षणाचे उपमुख्य शीर्ष ०१ हेच आहे. महाराष्ट्राच्या शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘हा खर्च खालील लेखाशीर्षाखाली भागवावा’ असे लिहून जे आकडे दिलेले असतात, त्यांतले पहिले चार बेंगळुरूतल्या कारकुनालाही वाचता येतात. दोन राज्यांनी शिक्षणावर किती खर्च केला याची तुलना त्यामुळे शक्य होते.

हद्दीच्या खाली उतरले की ही सोय संपते. केंद्राच्या यादीत वेतनाचे उद्दिष्ट शीर्ष ०१ आहे. महाराष्ट्रातही वेतन ०१ खालीच पडते. कर्नाटकाच्या अर्थसंकल्पात मात्र उद्दिष्ट शीर्षे तीन अंकी आहेत आणि अधिकाऱ्यांचे वेतन ००२, तर कर्मचाऱ्यांचे ००३ खाली दाखवले जाते. प्रत्येक राज्याची विभागणी आपापल्या सोयीची आहे. परिणामी शिक्षणावर एकूण किती, हे थेट जुळवता येते. शिक्षणातल्या वेतनावर किती, हे जुळवायला प्रत्येक राज्याची यादी समोर ठेवून वेगळा तक्ता करावा लागतो.

केंद्राच्या हाती वरचे अंक असण्याचे महत्त्व २०१७ मध्ये दिसले. १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा केंद्रीय कराला ०००५, राज्य कराला ०००६ आणि एकात्मिक कराला ०००८ ही मुख्य शीर्षे देशभर एकच राहिली. राज्यांनी आपापली शीर्षे उघडली असती तर आंतरराज्य व्यवहारांवरील कराची केंद्र आणि राज्ये यांच्यातली वाटणी आणखी किचकट झाली असती.

याच रचनेचा कमकुवत दुवा म्हणजे गौण शीर्ष ८००. बहुतेक मुख्य शीर्षांखाली ‘इतर जमा’ किंवा ‘इतर खर्च’ या नावाने ते असते. ज्याला दुसरी जागा नाही असा किरकोळ व्यवहार तिथे जावा, एवढाच त्याचा हेतू. पण योग्य गौण शीर्ष असूनही रक्कम ८०० मध्ये टाकली जाते, किंवा नवे गौण शीर्ष मिळवण्याच्या खटाटोपापेक्षा ८०० बरे वाटते. राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरील कॅगच्या अहवालांत ८०० खालच्या मोठ्या रकमांवर वारंवार आक्षेप येतात. विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा कशावर गेला हे ‘इतर’ या शब्दावरून कळत नाही, हा त्या आक्षेपाचा गाभा असतो.

यादी एक असली तरी ती पाळली जाते की नाही हे खजिन्याच्या खिडकीवर ठरते. कर्नाटकाने २००२ मध्ये ‘खजाने’ ही संगणक प्रणाली सुरू करून राज्यातील दोनशेहून अधिक कोषागारे आणि उपकोषागारे बेंगळुरूतल्या मध्यवर्ती सर्व्हरला जोडली. त्याआधी शीर्षांच्या छापील यादीची प्रत प्रत्येक कोषागारात स्वतंत्र असे आणि दुरुस्ती चिकटवायची राहिली तर जुनेच शीर्ष चालू राही. मध्यवर्ती प्रणालीत यादी एका जागी असते, बदल एकदाच करावा लागतो आणि तरतूद नसलेल्या शीर्षावर बिल पुढे सरकत नाही. बिल तयार करण्याचे काम मात्र तालुक्यातल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडेच राहिले. यादी केंद्राने सांभाळायची आणि नोंद जागेवर व्हायची, अशी ही विभागणी आहे. आज त्याच प्रणालीची पुढची आवृत्ती ‘खजाने-२’ वापरात आहे.

शहराची सूची

नगरपालिकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या हिशेबांबाबत कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २४३-झेड नुसार राज्य विधिमंडळाकडे आहे. त्यामुळे अनेक दशके प्रत्येक राज्यात, कधी एकाच राज्यातल्या दोन शहरांतही, यादी निराळी होती. बहुतेक ठिकाणी हिशेब रोखीवर आधारलेला आणि एकनोंदी असे. पैसा आला की जमा, गेला की खर्च. थकलेला मालमत्ता कर किती आणि ठेकेदारांचे देणे किती, हे वहीवरून कळत नसे.

बेंगळुरू महानगरपालिकेने यात लवकर पाऊल टाकले. १९९९ मध्ये एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली ‘बेंगळुरू अजेंडा टास्क फोर्स’ स्थापन झाला. त्यात काम करणाऱ्या रमेश रामनाथन यांच्या पुढाकाराने महापालिकेत निधीआधारित लेखा पद्धत आली. तिच्यात द्विनोंदी पद्धत होती, उपार्जनाचे तत्त्व होते आणि संगणकावर चालणारी एक खातेसूची होती. उपार्जन म्हणजे पैसा हातात येण्याची वाट न पाहता हक्क किंवा देणे निर्माण झाले की नोंद करणे. २००२ मध्ये स्वयंसेवी संस्थांनी ‘प्रूफ’ ही मोहीम सुरू केली. महापालिकेची तिमाही आर्थिक विवरणे नागरिकांसमोर ठेवून त्यांवर चर्चा घडवणे हा तिचा हेतू होता. असे तिमाही विवरण वेळेवर निघायचे तर सर्व वॉर्डांतल्या नोंदी एकाच यादीत बसाव्या लागतात.

देशपातळीवर यादी त्यानंतर आली. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर कॅगने एक कृतिदल नेमले. त्याच्या कामावर उभी राहिलेली राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका २००४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. नगरपालिका हा राज्यांचा विषय असल्याने ती आदेशाच्या नव्हे, नमुन्याच्या स्वरूपात होती. राज्यांनी तिच्या आधारे आपापले नियम करायचे होते. कर्नाटकाने नगरपालिकांसाठी लेखा व अर्थसंकल्प नियम २००६ मध्ये केले. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने उपार्जित द्विनोंदी हिशेब ही निधीसाठीची एक अट केली. आदेश देता येत नाही तिथे अनुदानाची अट घालून नमुना पोहोचवण्याचा हा मार्ग होता. पंधराव्या वित्त आयोगानेही नागरी स्थानिक संस्थांचे हिशेब ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची अट घालून तोच मार्ग पुढे नेला.

नियमपुस्तिकेच्या यादीत चार मोठे गट आहेत. १ ने सुरू होणारी खाती उत्पन्नाची, २ ने खर्चाची, ३ ने देण्यांची आणि ४ ने मालमत्तेची. पहिले तीन अंक मुख्य शीर्षाचे, पुढचे दोन गौण शीर्षाचे आणि शेवटचे दोन तपशिलाचे. ११० म्हणजे कराचे उत्पन्न आणि ११०-०१ म्हणजे मालमत्ता कर. कराची मागणी नोंदली की उत्पन्न ११०-०१ ला जमा होते आणि येणे ४३१-१० ला नावे पडते. नागरिकाने कर भरला की हे येणे कमी होते. रोखीच्या वहीत न दिसणारी थकबाकी इथे ताळेबंदावर येते.

वरचे अंक स्थिर का असावेत हे रस्त्याच्या एका कामावरून समजते. खड्डे बुजवले तर तो पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीचा खर्च, म्हणजे २३०-५०. रस्ता मुळापासून नवा केला तर ती मालमत्ता, ४१०-३०, आणि तिच्यावर दरवर्षी घसारा. पहिली रक्कम त्याच वर्षीच्या खर्चात पूर्ण बसते, दुसरी अनेक वर्षांत विभागली जाते. कोणत्या जाडीच्या डांबरीकरणाला दुरुस्ती म्हणायचे आणि कोणत्या कामाला नवा रस्ता, हे प्रत्येक वॉर्डाच्या अभियंत्याने आपल्या मनाने ठरवले तर महापालिकेचे वर्षाचे आधिक्य किंवा तूट त्या निवडींवर हेलकावे खाईल. ही सीमारेषा, तिची व्याख्या आणि तिचे दोन क्रमांक म्हणूनच वरून येतात.

तेच काम कोणत्या वॉर्डात, कोणत्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आणि कोणत्या निधीतून झाले हे मात्र खात्याच्या क्रमांकात कोंबू नये. नियमपुस्तिकेने त्यासाठी कार्य, कार्याधिकारी, क्षेत्र आणि निधी असे वेगळे संकेतांक ठेवले आहेत. क्षेत्राच्या संकेतांकात वॉर्ड येतो. ही वेगळी मोजपट्टी नसती तर एकेकाळी १९८ वॉर्ड असलेल्या बेंगळुरूत रस्तेदुरुस्तीचीच १९८ खाती उघडावी लागली असती. बेंगळुरूच्या ठेकेदारांच्या तोंडी असलेले दोन शब्द हीच विभागणी दाखवतात. अर्थसंकल्पातल्या शीर्षाला ते ‘पी कोड’ म्हणतात आणि एकेका कामाच्या क्रमांकाला ‘जॉब कोड’. पी कोड महापालिकेच्या अर्थसंकल्पातून येतो. जॉब कोडमध्ये वॉर्डाचा क्रमांक, वर्ष आणि अनुक्रमांक असतो, त्यामुळे काम मंजूर होईल तसतसे नवे जॉब कोड निघत राहतात आणि मूळ यादीला धक्का लागत नाही.

एकत्र येणे आणि वेगळे होणे

यादीची खरी परीक्षा संस्था जोडल्या किंवा तोडल्या जातात तेव्हा होते. २००७ मध्ये शंभर वॉर्डांची जुनी महानगरपालिका, राजराजेश्वरीनगर, दासरहळ्ळी, बोम्मनहळ्ळी, कृष्णराजपुरम, महादेवपुरा, ब्याटरायनपुरा आणि यलहंका या सात नगरपालिका, केंगेरीची लहान नगरपालिका आणि ११० गावे मिळून बृहत् बेंगळुरू महानगरपालिका झाली. गावांचे हिशेब पंचायत कायद्याखालचे, नगरपालिकांचे राज्याच्या नियमांखालचे आणि जुन्या महापालिकेचे तिच्या स्वतःच्या प्रणालीतले.

अशा विलीनीकरणात सर्वांत आधी एक जुळणी तक्ता करावा लागतो. डाव्या बाजूला प्रत्येक जुन्या संस्थेचे खाते, उजव्या बाजूला नव्या यादीतले खाते. जुनी दोन खाती नव्या एका खात्यात जात असतील तर काम सोपे असते. जुने एक खाते नव्या दोन खात्यांत फोडायचे असेल तर शिल्लक कशी वाटायची यासाठी जुनी व्हाउचरे उघडावी लागतात. ज्या संस्थेने येणी नोंदवलीच नव्हती तिच्याकडून शिल्लक आणण्याआधी घरोघरची थकबाकी मोजावी लागते. तक्त्यात न बसलेली रक्कम सस्पेन्स खात्यात जाते आणि ती तिथे राहील तितकी वर्षे ताळेबंदावर शंका राहते.

आता उलटा प्रवास सुरू झाला आहे. २०२४ चा ग्रेटर बेंगळुरू प्रशासन कायदा मे २०२५ मध्ये लागू झाला. २ सप्टेंबर २०२५ पासून एका महापालिकेच्या जागी मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा पाच महापालिका आल्या. त्यांच्या वर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आहे. विभाजनाच्या दिवशी पाचांच्या हाती एकाच संस्थेचा वारसा असतो. पुढे प्रत्येकीने आपल्या गरजेनुसार वरच्या अंकांतच खाती वाढवली तर काही अर्थसंकल्पांत पाच याद्या तयार होतील आणि साऱ्या शहराने रस्त्यांवर किती खर्च केला या साध्या प्रश्नालाही पुन्हा जुळणी तक्ता लागेल. मुख्य आणि गौण शीर्षे प्राधिकरणाच्या किंवा राज्याच्या पातळीवर एक ठेवून तपशील पाच जणींवर सोडला, तर पूर्वेचा कचरा उचलण्याचा खर्च आणि पश्चिमेचा खर्च शेजारी मांडून पाहता येईल.

सॉफ्टवेअरमधली हद्द

खासगी व्यवसायात भारतात खात्यांचे क्रमांक कायद्याने ठरलेले नाहीत. कंपनी कायदा २०१३ ची तिसरी अनुसूची ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाचा नमुना देते. आतली यादी कंपनीने स्वतः करायची. युरोपात काही देशांनी वेगळी वाट धरली. जर्मनीत ऑयगेन श्मालेनबाख यांनी १९२७ मध्ये उद्योगांसाठी खात्यांची चौकट मांडली. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रीय खातेसूची लागू झाली. तिथे आजही ६ ने सुरू होणारे खाते खर्चाचे आणि ७ ने सुरू होणारे उत्पन्नाचे असते. ६४ खाली कर्मचाऱ्यांवरचा खर्च येतो. त्याखाली आणखी अंक जोडून पोटखाती पाडण्याची मुभा कंपनीला असते.

भारतातल्या लहान व्यापाऱ्यांना अशी चौकट कायद्याने दिली नाही, ती बऱ्याच अंशी एका सॉफ्टवेअरने दिली. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी सुरू केलेल्या कंपनीचे ‘टॅली’ बेंगळुरूत वाढले. टॅलीत नवी कंपनी उघडली की २८ गट तयार मिळतात, १५ मूळ आणि १३ पोटगट. भांडवल, कर्जे, स्थिर मालमत्ता, येणेकरी, देणेकरी, प्रत्यक्ष खर्च, अप्रत्यक्ष खर्च, शिवाय सस्पेन्सही. तयार खाती मात्र दोनच असतात, रोकड आणि नफा-तोटा. बाकीची खाती वापरणाऱ्याने आपल्याला कळेल त्या नावाने उघडायची. क्रमांक पाठ करण्याची सक्ती नाही. गटांची चौकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या हाती आणि खाती दुकानदाराच्या हाती, ही हद्द लातूरच्या अडत दुकानालाही मानवली. दोन शाखांचे हिशेब एकत्र करताना मात्र नावांतले फरक बाहेर येतात. एका शाखेत ‘वीज बिल’ आणि दुसरीत ‘लाइट बिल’ असेल तर गटाची बेरीज बरोबर येते, खात्यांच्या ओळी दोन पडतात.

मोठ्या कंपन्यांत वापरली जाणारी सॅप ही जर्मन प्रणाली हाच प्रश्न क्रमांकांच्या अंगाने सोडवते. तिच्या विकासाचे एक मोठे केंद्र १९९८ पासून बेंगळुरूत आहे. सॅपमध्ये खात्याची नोंद दोन भागांत असते. पहिला भाग सूचीच्या पातळीवरचा: क्रमांक, नाव, प्रकार, गट. दुसरा भाग कंपनीच्या पातळीवरचा: चलन, कर, नोंदीचे नियम. दोन्ही भाग एका माणसाने एकाच पडद्यावर भरावेत किंवा मुख्य कचेरीने पहिला आणि स्थानिक कंपनीने दुसरा भरावा, दोन्ही सोयी आहेत. सूचीत खाते आहे पण एखाद्या कंपनीने आपला भाग भरला नाही, तर त्या कंपनीत त्यावर नोंद होत नाही. शिवाय रोजच्या वापराची सूची, देशाच्या कायद्यानुसारची सूची आणि साऱ्या समूहाची सूची अशा तीन सूची एकमेकींशी जोडता येतात. फ्रान्समधली कंपनी तिथल्या कायद्याचे क्रमांक पाळते आणि समूहाच्या ताळेबंदात त्यांची बेरीज समूहाच्या क्रमांकावर येते.

हद्द आखण्याचे नियम

सरकार, महापालिका आणि कंपनी या तिन्ही ठिकाणच्या अनुभवातून काही नियम हाती येतात.

ज्या आकड्यांची बेरीज संस्थेबाहेर जाते ती खाती केंद्राने ठरवावीत. ताळेबंद, कर, लेखापरीक्षण आणि अनुदान यांत दिसणारी शीर्षे या वर्गात मोडतात. महसुली आणि भांडवली खर्चातली सीमारेषा, निधी आणि येणी यांची खातीही यातच येतात. केवळ काम चालवण्यासाठी लागणारा तपशील मात्र जागेवरच्या कचेरीने उघडावा. वॉर्ड, प्रकल्प, विभाग यांच्यासाठी खाती न वाढवता वेगळे संकेतांक ठेवावेत.

नवे खाते मागण्याचा मार्ग छोटा आणि मुदतीचा असावा. मागणी करणाऱ्याने कोणता व्यवहार, किती वेळा, कोणत्या चालू खात्यात का बसत नाही एवढे लिहावे आणि यादी सांभाळणाऱ्याने ठरलेल्या दिवसांत हो किंवा नाही सांगावे. उत्तराला उशीर झाला की व्यवहार थांबत नाही, तो ‘इतर’ मध्ये जातो. म्हणून ‘इतर’ आणि सस्पेन्स खात्यांतली रक्कम दर महिन्याला पाहावी. ती वाढत असेल तर यादीत काहीतरी कमी आहे, किंवा परवानगीचा मार्ग अडला आहे.

खाते उघडणाऱ्याने त्याच खात्यातून पैसे देऊ नयेत. हा नियम सरकारी खजिन्याइतकाच लहान संस्थेलाही लागू पडतो, कारण स्वतः उघडलेल्या खात्यात स्वतःच नोंद करणाऱ्याला रक्कम लपवणे सोपे जाते. व्यवहार झालेले खाते खोडू नये, तारीख घालून बंद करावे, म्हणजे जुन्या वर्षांचे ताळेबंद जसेच्या तसे पुन्हा काढता येतात. बदल शक्यतो वर्षाच्या सुरुवातीला लागू करावेत. मधेच करावे लागले तर जुन्या आणि नव्या खात्यांचा जुळणी तक्ता कायम जपावा. यादीतल्या प्रत्येक खात्यापुढे एक-दोन वाक्यांत त्यात काय जाते आणि काय जात नाही हे लिहिलेले असावे. खाते निवडण्याचे काम अखेर बिल हातात घेतलेल्या कारकुनाचे असते आणि यादी कोणीही सांभाळली तरी त्याला ती वाचून निर्णय घेता आला पाहिजे.